मंगलच्या गाडीचं स्टिअरिंग

माझी बायको मंगल चैत्रात गेली. अंगणवाड्या तपासायच्या कामावर होती ती, आणि आपल्या गाडीनं सगळा तालुका फिरायची. ती गेल्यावर गाडी शेडात तशीच उभी राहिली. आमची पोरगी प्रांजल बाळंतपणाला आली तेव्हा म्हणाली, सांगलीला जाईन तर आईच्याच गाडीतून. तिथल्या विश्रामबागच्या डॉक्टरांनी तिला बुधवारी भरती व्हायला सांगितलं होतं. मी गाडी बाहेर काढली तर स्टिअरिंग दगडासारखं जड. खाली बघितलं, रॅकमधून तेल गळत होतं. रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा गिअर. तो बदलल्याशिवाय पोरीला गाडीत बसवणं शक्य नव्हतं.

वडूजला माझं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. साताऱ्याहून नवा रॅक आणला आणि मंगळवारी सकाळी कामाला लागलो. बॅटरीची वायर काढली, चाकं सरळ केली आणि स्टिअरिंग सीटला बांधून टाकलं. स्टिअरिंगच्या पोटात एक पातळ पट्टी गुंडाळलेली असते. हॉर्नचा आणि एअरबॅगचा करंट तिच्यातून जातो. रॅक काढला की स्टिअरिंग मोकळं होतं, आणि कुणी ते जास्त फिरवलं तर पट्टी तुटते. बांधायला मी गाडीतलंच फडकं घेतलं. मंगल त्यानं काच पुसायची.

त्या दिवशी अमावस्या होती. आमच्याकडं अमावस्येला गाडी धुऊन तिला बिरदेवाचा भंडारा लावतात. जुना रॅक उतरवून मी नवा आणायला आत गेलो. परत आलो तर माझी थोरली बहीण बनाबाई ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली, हात पिवळे. फडकं सुटून खाली पडलं होतं.

“आक्का, किती फिरवलंस?”

“मला काय ठावं? सगळीकडनं भंडारा लागाय पायजे न्हवं.”

“फडकं का सोडलंस?”

तिनं खाली पडलेल्या फडक्याकडं बोट केलं. “मंगलचं लुगडं हाय रं त्ये. काठ वळखला म्या. गेलेल्या बाईचं कापड, आनि पोटुशी पोर उद्या त्या गाडीत बसणार. तुला कसं कळंना?”

मला राग आला नाही. मंगलच्या आजारपणात तिचे रिपोर्ट आणायला जाताना वाटायची, तशी भीती वाटली.

उपाय एकच होता. स्टिअरिंग दोन बोटांनी एका बाजूला अडेपर्यंत न्यायचं, मग दुसऱ्या बाजूला अडेपर्यंत फेरे मोजत आणायचं, आणि निम्मं परत फिरवायचं, म्हणजे पट्टी मधोमध येते. अडलंच नाही तर पट्टी गेली. जास्त जोर लागला तरी गेली. प्रांजल दाराला टेकून फेरे मोजत होती. शेवटी अडलं. दुसऱ्या बाजूलाही अडलं. पण पट्टी आतून तडकली असेल तर? ते बाहेरून दिसत नाही.

मधोमध आणल्यावर परत बांधायचं होतं. प्रांजलनं तेच फडकं उचललं आणि स्वतः गाठ मारली.

“आत्या, आईचं हाय म्हणून तर बांधायचं.”

आक्कानं भंडाऱ्याचं बोट त्या गाठीलाही लावलं.

संध्याकाळपर्यंत नवा रॅक बसवला, तेल भरलं. इंजिन चालू करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत आतली हवा काढली. टायरवाल्याकडं नेऊन चाकं सरळ करून घेतली. हॉर्न वाजला. एअरबॅगचा धोक्याचा दिवाही विझला. तरी जेवण गेलं नाही.

बुधवारी निघालो. आक्का मागं, प्रांजल तिच्याशेजारी. विटा गाव मागं पडलं. प्रत्येक वळणाला मला वाटायचं, आता पट्टी तुटेल. वळून झालं की मी हॉर्न दाबायचो. वाजला की पट्टी शाबूत म्हणून पुढच्या वळणापर्यंत बरं वाटायचं.

“रस्त्याला कुत्रं न्हाई,” आक्का म्हणाली. “भोंगा कशाला वाजवतुयास?”

प्रांजलनं डोळे मिटले होते. “वाजवू दे, आत्या.”

तासगावच्या अलीकडं द्राक्षबागांतून मोठं वळण आहे. मी स्टिअरिंग फिरवलं आणि परत हॉर्न दाबला. वाजला.