लॉटरीच्या जागेची वास्तुशांत

आमचे हे, म्हणजे मोहनराव, अटलांटाच्या उत्तरेला प्लॉट घेऊन घर बांधून मोकळे झाले आणि पंच्याऐंशीचं अख्खं वर्ष भेटेल त्याला जागेचा इतिहास ऐकवत सुटले. इतिहास कसला, डोंबलाचा. दीडशे वर्षांपूर्वी इथल्या मूळ रहिवाशांची, चेरोकींची, जमीन सरकारने लॉटरी काढून गोऱ्यांना वाटली, मग सैन्य आणून त्या लोकांना घराबाहेर काढलं आणि पार ओक्लाहोमापर्यंत हाकललं. वाटेत हजारो मेले. ह्यांना कौतुक एवढंच, की आपला प्लॉट त्याच लॉटरीतला. जुना नकाशा फ्रेम करून हॉलमध्ये टांगला होता.

वास्तुशांतीला भारतातून माझे बाबा आले होते. आमचं गाव धरणाखाली गेलं तेव्हा मी शाळेत होते. बदली जमीन देतो म्हणाले होते, त्यासाठी बाबा अजून कचेरीत खेटे घालतात. ह्यांना सगळं ठाऊक. तरी पाहुण्यांना नकाशा दाखवता दाखवता बाबांना म्हणाले, "त्यांनाही दुसरीकडे जमीन दिली होती, बाबा. तुम्हालाही मिळेल. प्रोग्रेस म्हटली की कुणीतरी ॲडजस्ट करायचंच." बटाटेवडे खाता खाता पाहुण्यांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमचे गुरुजी म्हणजे ह्यांचे मित्र दिगंबर भावोजी. आठवडाभर कॉम्प्युटर, शनिवारी सोवळं. आम्हाला पाटावर बसवून म्हणाले, "वहिनी, मोहनच्या हाताला हात लावा. आता स्थानदेवतेला नमस्कार करून जागा वापरायची परवानगी मागायची."

मी हात मांडीवरच ठेवला.

"अगं, लाव ना," हे हसऱ्या तोंडाने, दात खाऊन.

"मागायची होती तर तिला पुजणाऱ्यांकडे मागायची. त्यांना हाकलून दिल्यावर आता कसली परवानगी?"

"सीन क्रिएट करू नकोस. लोक बघतायत."

"आमचं गाव बुडतानाही लोक बघतच होते," मी म्हटलं, आणि पाटावरून उठून बाबांच्या शेजारी जाऊन बसले.

दिगंबर भावोजी पोथी चाळायला लागले. बायकोशिवाय पूजा पुढे सरकेना. ह्यांच्या हातातलं पळीभर पाणी नव्या कार्पेटवर ठिबकत होतं.

"जा, बस पाटावर," बाबा हळूच म्हणाले. "जावयाचा अपमान होतोय."

"होऊ दे," मी म्हटलं.