मुंग्या आणि कासवं

नेवेनाची आई पिरोत गावी गालिचे विणते. गिऱ्हाईक आलं की बोलत नाही, नुसता गालिचा उलटा करून दाखवते. दोन्ही अंगांना तोच लाल, तीच कासवांची नक्षी. नेवेनाचं काम मात्र तसं नाही. नीश शहरातल्या कचेरीत ती औषधं मागवायच्या अ‍ॅपचे स्क्रीन रचते, आणि तपासणाऱ्याला दिसते ती फक्त मागची बाजू, कोडच्या ओळी.

या खेपेला तिनं अक्षरं मोठी केली होती. आईला हल्ली फोनवरचं दिसेना. "मुंग्या कुणी वाचायच्या?" म्हणायची. शुक्रवारी नवी आवृत्ती निघणार होती. ती हुकली की मग थेट पानगळीत. आणि बदल अडकला होता कोड तपासणाऱ्या ग्वोझ्देनकडे. त्याच्या होकाराशिवाय काहीच पुढं सरकत नसे.

"काका, माझं बघितलंत का?"

"काका म्हण तुझ्या आजोबाला!" ग्वोझ्देन बुरेकचा, त्या चीज भरलेल्या खाऱ्या पेस्ट्रीचा, घास गिळत म्हणाला. "केवढा ढिगारा टाकलायस! वाचून डोळे गेले, पण स्क्रीनवर काय होणार ते कळेल तर शपथ. न कळता हो म्हणू?"

नेवेना तणतणत जागेवर आली. मग वाटलं, खरंच की. आईनं नुसते धागे दाखवून कधी गालिचा विकलाय?

तिनं ढिगारा उसवला. एकेक स्क्रीन सुटा केला. प्रत्येकासोबत दोन चित्रं शेजारी शेजारी: आधी असं, आता असं. खाली एक ओळ, का बदललं त्याची. सगळे जेवायला गेले, ही उठली नाही.

गुरुवारी दुपारी हाक आली. "ए पिरोतवाली! आता कसं लख्ख दिसतंय. पण सगळं लॅटिन लिपीतच? तुझी आई कुठली लिपी वाचते?"

"सिरिलिक," नेवेना म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

अ‍ॅप दोन्ही लिप्यांत चालायचं; तिथंच लिपी बदलून पाहिली. मोठी झालेली रुंद अक्षरं ओळीबाहेर सांडली होती, आणि त्या ढकलाढकलीत 'मागवा' हे बटण पार स्क्रीनच्या काठाखाली गेलं होतं. आईला सगळं वाचता आलं असतं, फक्त औषध मागवता आलं नसतं.

"ओळी वाचून हे मला जन्मात सापडलं नसतं," ग्वोझ्देन हळूच म्हणाला. "पण बाई, शुक्रवार उद्यावर आलाय."

"येऊ दे. तुम्ही तेवढे घरी जाऊ नका."

सूर्य बुडायच्या आत बटण वर आलं, चित्रं दोन्ही लिप्यांत लागली. ग्वोझ्देननं एकेकावर बोट फिरवलं, आई लोकर चाचपते तसं, सावकाश. मग म्हणाला, "हो."

नंतर दुसऱ्या कुणाचा तरी बदल त्यानं एका ओळीनिशी परत धाडला: 'पुढची बाजू दाखव.'

शनिवारी पिरोतहून फोन आला.

"अगं नेवेना, माझं औषध मागवून झालं! मुंग्यांची कासवं झाली गं!"