तानाबाईचं लुगडं आणि नवोपक्रम समिती

सुचिताच्या पीएच.डी.चं तिसरं वर्ष सरत आलं होतं आणि प्रबंधाचं फक्त नाव तयार होतं: 'संस्था नवकल्पनांचं व्यवस्थापन कसं करतात'. पुण्यातल्या तिच्या मार्गदर्शक सरांना हे नाव भारी आवडलं होतं. पुढं काय लिहायचं हे त्यांनाही ठाऊक नसावं, कारण दर भेटीत ते "चौकट हवी, चौकट" एवढंच म्हणायचे आणि चहा मागवायचे. शेवटी सुचिता मोताळ्याला घरी आली, सत्तेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली पिशवीत घातली आणि दोन गाड्या बदलून अमडापूरच्या 'धुरा' शेतकरी कंपनीत जाऊन धडकली.

'धुरा' ही आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली कंपनी. सोयाबीन घ्यायचं, यंत्रावर चाळायचं आणि बियाणं म्हणून पोत्यांत भरायचं. दोन वर्षांपासून तिच्या बियाण्याची उगवण अशी वाढली होती की जिल्ह्याच्या कृषी मेळाव्यात तिला ढाल मिळाली. ढालीवर लिहिलं होतं: 'नवोपक्रमासाठी'. नवोपक्रम कोणता, ते लिहायला जागा उरली नव्हती.

अध्यक्ष नारायणराव पांढऱ्या कपड्यातले, मिशीवाले, उमदे गृहस्थ. सुचितानं पहिलाच प्रश्न विचारला, "तुमची संस्था अपयशाला कशी सामोरी जाते?"

"आमच्या इथं अपयश नाई," नारायणराव म्हणाले. "त्याले परवानगीच नाई."

बाकीच्या सेहेचाळीस प्रश्नांसाठी त्यांनी तिला व्यवस्थापक प्रसेनजितकडे पाठवलं. हा नागपुरात एमबीए केलेला, उन्हाळ्यातही बूट घालणारा तरुण. त्यानंच नवोपक्रम समिती काढली होती. सुचितानं समितीचं इतिवृत्त चाळलं. सात बैठका झाल्या होत्या. पहिल्या दोन समितीचं नाव ठरवण्यात गेल्या, पुढच्या तीन बोधचिन्हात. सहाव्या बैठकीला कोरम नव्हता. सातवी सहाव्या बैठकीला कोरम का नव्हता यावर झाली.

"आणि कामगारांच्या सूचना?"

प्रसेनजितनं अभिमानानं भिंतीवरची सूचना पेटी दाखवली. किल्ली हरवली होती म्हणून पाना लावून उघडली. आतून तीन लग्नपत्रिका निघाल्या आणि एक चिठ्ठी, 'पंखा फिरत नाही'.

"मग उगवण वाढली कशामुळं?" सुचितानं विचारलं.

"कल्चर," प्रसेनजित म्हणाला. "आम्ही इथं कल्चर बदललं."

सुचिता कल्चर शोधायला शेडमध्ये गेली. मे महिन्याचं ऊन, पत्र्याचं छप्पर आणि धुरळा. यंत्राचा पट्टा सोयाबीन उंच नेई आणि तिथून ते पुरुषभर खाली पत्र्याच्या हौदात पडे. पण पडे म्हणजे काय, घरंगळत येई. कारण वरच्या तोंडापासून हौदापर्यंत एक हिरवं, पिवळ्या काठाचं जुनं लुगडं झोळीसारखं तिरपं बांधलेलं होतं. दाणे त्यावरून लहान पोरांनी घसरगुंडीवरून यावं तसे सळसळत उतरत होते.

हौदापाशी तानाबाई उभी होती. साठीची, किडकिडीत, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. सुचिताला बघून तिचा हात आधी लुगड्याच्या गाठीकडं गेला.

"सायेब आले काय?"

"नाही मावशी, मी एकटीच. हे कुणी बांधलं?"

"मीच. दोन वर्स झाले." तानाबाईनं हात खाली घेतला. "सायेब आले का सोडतो न् डब्याच्या थैलीत टाकतो. बाहेरची वस्तू मशीनले लावाची नाई, असा बोर्ड हाये न."

सुचिता लुगड्याच्या आणखी जवळ गेली. सोयाबीनचा दाणा नाजूक. उंचावरून आपटला की साल तडकते, आतला अंकुर दुखावतो, हे तिला शेतकऱ्याची पोर म्हणून ठाऊक होतं. दोन वर्षं उगवण वाढलेली, दोन वर्षं लुगडं बांधलेलं. तिची चौकट समोर टांगलेली होती, आणि तिला काठही होता.

"मावशी, मी हे लिहू?"

"लिही बापा. पण सायबाले सांगू नको."

सुचितानं वचन दिलं. पाहणीच्या अहवालात तिनं नाव घातलं नाही. 'एका अनुभवी महिला कामगारानं' असं मोघम लिहिलं आणि संशोधनाच्या नीतिनियमांचं पालन केल्याच्या समाधानात लुगड्याचा रंगीत फोटो मोठा करून छापला. अहवालाची एक प्रत शिरस्त्याप्रमाणं कंपनीला पाठवली.

आठवड्यानं फोन आला.

"पोरी, माह्यं लुगडं घेऊन गेले नं!" तानाबाईचा आवाज चढलेला होता. "तुले सांगलं होतं."

सुचिताला तोंड कुठं लपवू असं झालं. दुसऱ्या दिवशी ती अमडापुरात हजर झाली. प्रसेनजित खुशीत होता. समितीची आठवी बैठक झाली होती, कोरमसकट. लुगडं काढून फाइलीत नमुना म्हणून लावलं होतं. अख्खं मावलं नाही म्हणून काठाचा तुकडा कापून लावला होता. आणि त्याच्या जागी आली होती चकचकीत स्टीलची पन्हळ.

"कल्पना तीच, फक्त स्टँडर्डाइज केली," तो म्हणाला.

पन्हळीवरून दाणे बंदुकीच्या छऱ्यांसारखे सुटत होते आणि हौदाच्या पत्र्यावर ताडताड आदळत होते. बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

"दाणे फुटताहेत!" सुचिता ओरडली.

"लॅबचा रिपोर्ट येऊ द्या!" तो ओरडला.

"रिपोर्ट यीन तवा पेरण्या होऊन जातीन," तानाबाई ओरडली नाही, पण ऐकू तिचंच आलं.

तिनं कुणाची वाट पाहिली नाही. ओल्या गोणपाटाचे दोन तुकडे घेतले. एकात लुगड्यावरून उतरलेल्या जुन्या पोत्यातले शंभर दाणे मांडले, दुसऱ्यात पन्हळीवरचे शंभर. गुंडाळून सावलीत ठेवले. सुचिता रोज येऊन पाणी शिंपडायची. अपराधी माणसाला काहीतरी काम हवंच असतं.

सहाव्या दिवशी संचालकांची सभा होती. सुचितानं दोन्ही गुंडाळ्या नेऊन थेट टेबलावर, ढालीशेजारी उलगडल्या. पाणी इतिवृत्तावर सांडलं. कुणी काही बोलायच्या आत नारायणराव स्वतः मोजायला बसले. लुगड्याचे चौऱ्याऐंशी उगवले होते. पन्हळीचे अठ्ठावन्न. त्यांनी पन्हळीचे पुन्हा मोजले, या वेळी जरा प्रेमानं. तरी अठ्ठावन्नच.

"हे असं कसं?" ते प्रसेनजितकडं वळले.

"सर, हे लर्निंग आहे."

"लर्निंग तुह्यं, न् पेरणी लोकाईची काय बे?" नारायणरावांची मिशी थरथरली. त्या घडीला ते अध्यक्ष राहिले नाहीत, चार एकरांवर दुबार पेरणी केलेले शेतकरी झाले. पन्हळ त्याच दुपारी उतरली आणि काठ कापलेलं लुगडं परत चढलं. पन्हळीवरचं सगळं सोयाबीन बियाण्यातून काढून तेलाच्या गिरणीला गेलं. तानाबाईला समितीवर घेतलं.

ती पहिल्या बैठकीला आली, खुर्चीत दहा मिनिटं बसली आणि उठली. "मशीनवर बसू. इथं काहीच दिसत नाई." तेव्हापासून बैठका शेडमध्ये भरू लागल्या. धुरळ्यानं शिंका येत, त्यामुळं भाषणं आपोआप आटोपती झाली. आणि प्रसेनजितचं श्रेय हे की तो शेडमधल्या तिसऱ्या बैठकीला बुटांऐवजी चपला घालून आला आणि हौदाजवळ उकिडवा बसून बराच वेळ नुसता बघत राहिला.

पावसाळा संपता संपता सुचिता प्रबंधाचं पहिलं प्रकरण घेऊन तानाबाईच्या घरी गेली. या वेळी नाव घालायचं होतं आणि छापण्याआधी तिला वाचून दाखवायचं होतं. 'गुणवत्तेच्या जाणिवेतून तळातून उगवलेली नवकल्पना' यावर चौदा पानं होती. सुचितानं भावपूर्ण आवाजात वाचलं. तानाबाई लसूण सोलत ऐकत होती.

"झालं?"

"हो. कसं वाटलं?"

"चांगलं हाये. पण मी उगवणीसाठी नव्हतं बांधलं."

"मग?"

"त्या पत्र्याच्या आवाजानं डोस्कं उठे नं माह्यं. दिवसभर ताडताड, ताडताड. म्हून बांधलं. दाने फुटत नाई, हे मंग दिसलं."

सुचितानं चौदा पानांकडं पाहिलं. मग तिला हसू फुटलं, आणि ते थांबेना. तानाबाईही हसू लागली, कशाला ते फारसं न कळता.

"आता काय करशीन?"

"पुन्हा लिहिते," सुचिता म्हणाली आणि पिशवीतून पेन काढलं. "पहिल्यापासून सांगा मावशी. डोकं कधीपासून दुखायचं?"