उडत्या मोटारीखालची रुई

"उठली! उठली!" असा ओरडा झाला आणि दारव्ह्याच्या जिनिंगच्या आवारात बसलेली सगळी माणसं एकदम उभी राहिली. पांढरी मोटार खरोखरच वर जात होती. टपावर लाल दिवा, पुढे लिंबू-मिरची, चारही बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबणारी ताडपत्री. पुरुषभर उंच जाऊन ती थांबली, तरी घड्या उलगडत गेलेली ताडपत्री जमिनीला टेकलेलीच होती. आत काळा गॉगल लावलेले कॅप्टन राजकुमार माइकवर बोलत होते.

"एसटी म्हणते, हात दाखवा, गाडी थांबवा. मी म्हणतो, हात दाखवा, गाडी उतरवा! पोटाखाली चार पंखे आहेत. ते हवा खाली मारतात, गाडी वर जाते. सायन्स आहे, सायन्स! ताडपत्रीजवळ येऊ नका, पंखा बोटं नेईल."

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. जिनिंग बंद होतं, म्हणूनच कॅप्टनना आवार मिळालं होतं. "भाव असेल तिथं कापूस उडवत नेऊ," असंही ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

"वरतं पेट्रोल सरलं त?" मागून कोणीतरी विचारलं.

"शंका असेल त्यानं बैलबंडीनं जावं!"

सगळे हसले. मीही हसले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. घरी पुस्तकांची तीन कपाटं आहेत. बुवाबाजीवर दरवर्षी व्याख्यान देते. अशी मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्या पर्समध्ये अब्बांचं गॅरेज उड्डाणतळासाठी कॅप्टनच्या नावे करून देण्याचा कागद होता. फक्त सही राहिली होती. सकाळी अम्मीनं तो माझ्यापुढे सरकवला होता. "तू पढी-लिखी है बेटा, तू देख ले." मी पाहिला होता, आणि मला तो पसंत पडला होता.

माझे अब्बा, रहेमान मिस्त्री, त्याच्या चार महिने आधी गेले होते. यवतमाळच्या दवाखान्यात नेताना, भाड्याच्या काळीपिवळी जीपमध्ये, वाटेतलं लोहारा यायच्या आधीच. कॅप्टन म्हणाले होते, पहिली मोटार रुग्णांसाठी, तिच्यावर मिस्त्रींचं नाव. दारव्हा ते यवतमाळ दहा मिनिटं. तेव्हापासून तो दहा मिनिटांचा प्रवास मी मनात रोज करत होते.

मोटार वर चढताना एक बारीक, ताणलेला आवाज येत होता. तो ऐकून माझे डोळे भरून आले. का, ते कळेना. मी त्याला उद्याच्या जगाचा आवाज समजले. फार वाचलं की असं होतं.

शेजारी तांड्यावरच्या हंसाबाई होत्या. याच जिनिंगमध्ये त्या वीस वर्षं झाडू मारतात.

"मास्तरीणबाई, एक इचारू काय? हासान नाई ना?"

"विचारा की."

"रुई काहून उडून नाई राह्यली?"

मी पाहिलं. गेल्या हंगामाची रुई, सरकी काढलेला कापूस, आवारभर साचली होती. ताडपत्रीच्या कडेलाही पुंजके होते. एकही हलत नव्हता.

"इथं बकरी शिंकली त माह्यं झाडलेलं वाया जाते. अन् हे अख्खी मोटार उचलून राह्यलं, त रुई जागची हालत नाई? पुस्तकात असन काई कारण. तुमी शिकलेल्या."

सांगायला लाज वाटते, पण मी कारण शोधलंही. "हवा आत कोंडली असेल."

"मंग ताडपत्री काहून नाई फुगली?"

तिन्ही कपाटं मी बाजूला ठेवली. मी पुढे झाले, मूठभर रुई घेतली आणि ताडपत्रीच्या फटीशी सोडली. ती सरळ खाली पडली.

"मॅडम, बोटं जातील!" कॅप्टन वरून ओरडले.

मी ताडपत्री उचलली. आत पंखा नव्हताच. वणीच्या कोळसा ओतणाऱ्या टिपर ट्रकला असतो तसा, एकात एक बसणाऱ्या नळ्यांचा जॅक उभा होता आणि त्याच्या डोक्यावर जुन्या व्हॅनचा नुसता पत्रा. रबरी नळी मातीखालून मागच्या जनरेटरकडे गेली होती. तिथला पंप तेल ढकलत होता. आवाज त्याचा होता. अब्बांनी जन्मभर असेच जॅक दुरुस्त केले. त्या आवाजात बसून मी पाढे पाठ केले होते. आठवण येत होती बापाची, आणि मी तिला विमानविद्या समजले.

तेल परत सोडायचा खटका कुठे असतो, ते मला आठव्या वर्षापासून ठाऊक आहे. मी जनरेटरपाशी जाऊन तो ओढला. मोटार सुस्कारा टाकत, कॅप्टन आणि माइकसकट, हळूहळू खाली बसली.

"हे सायन्सच आहे..." कॅप्टन पुटपुटले.

"आहेच," मी म्हणाले. "टिपरचं."

मग लोकांना सांगितलं: हवेच्या जोरावर एवढं वजन उचलायचं तर खाली वावटळ उठेल, तुमच्या टोप्याही राहणार नाहीत. शिवाय उतरायला मोकळी जागा लागेल, विजेच्या तारा चुकवाव्या लागतील, चालवणारा शिकलेला लागेल. अशी मोटार कधी येईलही. आली तर ताडपत्री काढून दाखवा म्हणा.

"तुमाले कसं नाई समजलं वो?" हंसाबाईंनी घरी जाताना विचारलं. टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागला.

समजायचं नव्हतं मला. अब्बा गेले त्या दिवशी दुपारीच ते म्हणाले होते, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय. मी ॲसिडिटी म्हणाले, गोळी दिली. गॅरेजसमोरून दुपारभर जीपा जात होत्या. मी हात दाखवला तो संध्याकाळी. मोटार उडाली असती, तर दोष माझा नाही, रस्त्याचा ठरला असता.

कागद मी फाडला. गॅरेजमध्ये अब्बांचे जोडीदार जमीरचाचा अजून जॅक खोलून बसलेले असतात. दारावर मी एक पाटी लावली आहे. येणारे-जाणारे हसतात, पण वाचतात:

"छातीत कळ आली तर मास्तरीणबाईंना विचारत बसू नका. आभाळाकडेही पाहू नका. समोरून येईल त्या जीपला हात दाखवा."