निळ्याचा गुलाबी झालो तेव्हा

मित्रांनो, हे सांगायचंच नाही असं मी ठरवलं होतं. ज्यांनी मला पाणी घातलं, त्यांच्याच भांडणाची गोष्ट आहे. पण मनातून जात नाही, तर ऐका.

मी एक जुना हायड्रेंजिया आहे. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी शामलावहिनींच्या भावानं मला बंगळुराहून नळदुर्गात आणलं. माझी फुलं म्हणजे ओंजळभर निळे झुबके. ऊन सोसत नाही, तहान लई. वहिनींनी मला कुंडीत लावून सावलीत ठेवलं आणि दृष्ट लागू नये म्हणून मुळाशी काळ्या बांगडीचा तुकडा पुरला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वहिनी आणि त्यांचे यजमान नारायणराव मास्तर गावी निघाले. मला शेजारच्या जमिलाबींकडं सोपवलं. त्यांनी जपलं. ईद जवळ आली, घराला चुना लागला. चुन्याची बादली धुतली की ते पाणी माझ्या बुडाशी. वाया कशाला घालवायचं?

पावसाळ्यात वहिनींच्या अंगणात परतलो आणि फुललो. गुलाबी.

वहिनींनी कुंडीभोवती चकरा मारल्या.

"जमिलाबी, हे आमचं नाही."

"तुमचंच हाय, भाभी. कुंडी बघा की."

"कुंडी आमची. झाड नाही."

"मग काय म्या निळं झाड पदराखाली लपवलं व्हय?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

तेव्हापासून भिंतीवरून कालवणाची वाटी येईना. वहिनी पलीकडच्या अंगणात डोकावायच्या. जमिलाबींनी दाराला पडदा लावला, तर वहिनी मास्तरांना म्हणाल्या, "बघा, झाकलंच." शेवटी मलाच माझा संशय यायला लागला.

एका दुपारी वहिनी मला उपटून टाकायला बसल्या. खुरपं मातीत घातलं, तर कट्कन वाजलं. काळ्या बांगडीचा तुकडा. माझ्या मुळांनी घट्ट धरलेला, वर चुन्याचा पांढरा थर. वहिनींनी नखानं खरवडून तुकडा सोडवला. मग तो तळहातावर घेऊन भिंतीपाशी गेल्या.

"जमिलाबी, ह्याला पाणी कुठलं घालत होता?"

"चुन्याची बादली धुतल्यालं," पडद्याआडून आवाज आला. "का, मेलं का ते?"

"नाही. बाहेर या. माझं चुकलं."

"आधी चहा ठेवा. मग येते."

मित्रांनो, चुन्यानं माझा रंग बदलतो, मी बदलत नाही. आम्हाला सावली द्या, पाणी द्या. आणि रंग वेगळा दिसला, तर माणसावर आळ घ्यायच्या आधी बुडाची माती उकरून बघा.

जमिलाबी आता थकल्यात. तरी रोज भिंतीपलीकडून विचारतात, "कसा हाईस रे?" त्यांना मी शब्द दिलाय. जमिलाबी, रंग कुठलाही येवो, माझं पहिलं फूल तुमच्या भिंतीकडं तोंड करून उघडंल.