केबिनचं दार

पगारवाढ हवी असेल त्यानं केबिनमध्ये यायचं आणि मागे दार लावून घ्यायचं, असा त्या दप्तरांच्या कारखान्यातला रिवाज होता. कुणी ठरवला नव्हता, आपसूक पडला होता. दार लागलं की बाहेर शिलाईच्या मशिनी हळू व्हायच्या आणि सगळ्यांचे कान आत. मालक आधी कपाळाला हात लावायचा, मग धंद्याचं रडगाणं गायचा आणि समोरचा हटत नाही म्हटल्यावर थोडंफार वाढवून द्यायचा. जो भांडेल त्याला जास्त. जो गप्प, तो सुखात आहे असं धरून चालायचं. "माझं दार कुणाला बंद आहे का?" असं तो चारचौघांत छाती काढून विचारायचा.

त्याच्या लेकीनं हे सगळं मोडीत काढलं. शिकून येऊन बापाच्या हाताखाली बसली आणि म्हणाली, "बाबा, कुठल्या कामाला किती पगार हे आधी ठरवू. कोण किती ओरडतो त्यावर नको."

"ठरव की. माझी कुठं ना आहे?"

दोन दिवसांनी ती असा चेहरा करून समोर उभी राहिली, की त्याला वाटलं कुणीतरी माल चोरला.

"चेन लावणाऱ्या नव्या पोरीपेक्षा वहिनींचा पगार कमी आहे. माहीत आहे तुम्हाला?"

वहिनी म्हणजे मालकाच्या वारलेल्या मित्राची बायको. कारखाना एका खोलीत होता तेव्हापासूनची. तयार दप्तर उलटं करून शिवण न् शिवण बघायची, पट्टे ओढून बघायची. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय माल बाहेर पडत नसे. ती चेन लावणारी पोरगीही तिनंच तयार केलेली.

"असं कसं होईल?"

"ती पोरगी आल्यापासून दर थोड्या दिवसांनी दार लावून बसते. वहिनी कधी आल्या?"

"अगं, त्या घरच्या आहेत!"

"म्हणून कमी?"

मालकाला झोंबलं. घरच्या माणसासाठी त्यानं काय कमी केलं होतं? तिचा मुलगा आजारी पडला तेव्हा हा दवाखान्यात बसून होता. तिच्या घराचं छप्पर यानंच नीट करून दिलं. घरात काही गोडधोड झालं की पहिला डबा तिच्याकडे जायचा. सगळं खरं होतं. पण यातलं काहीही पगार नव्हतं. डबा देणाऱ्याला पुण्य लागतं आणि घेणाऱ्याचं तोंड बंद होतं. इतक्या स्वस्तात तोंड बंद करण्याची दुसरी युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही.

मग त्याला एकदम आठवलं. आली होती. एकदाच, फार मागे. आत येऊन तिनं दार लावलं होतं, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. ती बोलायच्या आत हाच म्हणाला होता, "या वहिनी! तुम्ही आलात, बरं वाटलं. नाहीतर इथं जो तो हात पसरूनच येतो. तुमचं तसं नाही, तुम्ही घरच्या."

तिच्या हातातला पदर सुटला होता. मग म्हणाली, "आमच्या टेबलावरचा पंखा फार आवाज करतो, भाऊजी."

त्यानं त्याच दिवशी नवा पंखा बसवला. ही गोष्ट तो आजवर कौतुकानं सांगत आला होता.

"बोलव त्यांना," तो लेकीला म्हणाला. "आत्ताच्या आत्ता वाढवू."

वहिनी आली. दार लावायला लेक पुढे झाली, तशी ती म्हणाली, "राहू दे गं उघडं. मीच येणार होते. पुढच्या महिन्यापासून मी दुसरीकडे जाते, भाऊजी. शब्द दिलाय."

बाहेरच्या मशिनी थांबल्या.

"कुणी काही बोललं का?"

"चेनवाली पोरगी बोलली. बिचारीच्या मनात काही नव्हतं. स्वतःचा पगार सांगितला आणि म्हणाली, वहिनी, तुमचा तर केवढा असेल ना!" वहिनी हसली. "मी म्हटलं, हो, आहे की. खोटं बोलले. लाज वाटली हो मला. तुमची."

"वहिनी, ते जेवढं देतील त्याच्यावर मी देतो."

"तिथं मला विचारलं, किती पाहिजेत? मला आकडाच सांगता येईना. कधी कुणी विचारलंच नव्हतं ना. शेवटी त्यांनीच सांगितला. तो ऐकून रडू आलं, आणि आनंदानं नाही." तिनं सरळ त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला परवडत नव्हतं का, भाऊजी? तसं असेल तर सांगा. मी मनातून काढून टाकते सगळं."

खोटं बोलायला ही शेवटची जागा होती, आणि ती तिनं आपणहून करून दिली होती. मालकानं लेकीकडे पाहिलं. लेक भिंतीकडे पाहत होती.

"परवडत होतं," तो म्हणाला.

वहिनीनं मान हलवली, जशी शिवण उसवलेलं दप्तर बाजूला ठेवताना हलवायची.

"त्या दिवशी..." तो म्हणाला. "तुम्ही पंख्यासाठी आला नव्हतात ना?"

"पंखा चांगला निघाला," ती म्हणाली. "अजून आवाज नाही त्याला."

महिना संपल्यावर तिच्या जागेवर एक परकी बाई आली. लेकीनं त्या कामाला ठरलेला पगार तिला लावला. बाईनं घासाघीस केली नाही की गाऱ्हाणं मांडलं नाही, तरी जे वहिनीला कधी मिळालं नाही ते तिला पहिल्या दिवसापासून मिळालं. मालकानं सही केली.

दुपारी तो टेबलाजवळून गेला तेव्हा ती बाई दप्तर उलटं करून बघत होती. तिनं मान वर केली. "काही हवं होतं का, साहेब?"

"नाही," तो म्हणाला, आणि वर बिनआवाज फिरणाऱ्या पंख्याखाली तसाच उभा राहिला.