जुनी ओळख

बाबांनी पोट आत घेऊन भिंतीला पाठ लावली आणि स्ट्रेचरला वाट करून दिली. शेजारी उभ्या असलेल्या दोघांनीही तसंच केलं. दोघं औषध कंपन्यांचे एम.आर. होते, हातात काळ्या बॅगा, गळ्यात टाय, आणि केबिनचं दार उघडताच वापरता यावं म्हणून अर्धवट तयार ठेवलेलं हसू. बाबा त्या हसण्याकडे बघत राहिले. ओठ जरा जास्तच ताणले होते. अशाने दुपारपर्यंत गाल दुखायला लागतात.

"तुमची कुठली कंपनी, काका?" त्यातल्या एकाने विचारलं.

"मी कंपनीचा नाही. माझी मुलगी डॉक्टर आहे इथे," बाबा जरा मोठ्यानेच म्हणाले.

तो एम.आर. चटकन सरळ उभा राहिला. बाबांना बरं वाटलं.

मुलीने सकाळी चहा गाळता गाळता सांगितलं होतं, राजीनामा दिला म्हणून. कुणी दूधवाला बदलल्याचं सांगावं, तसं.

"दुसरीकडे जास्त देतायत?" बाबांनी विचारलं होतं.

"निम्मा मिळेल. सरकारी कॉलेजात शिकवायला जातेय."

"निम्मा! लोक जिना चढतात, तू उलटी उतरायला लागलीस?"

"आमच्या हॉस्पिटलात दर सोमवारी मीटिंग असते, बाबा. कुणी किती पेशंट भरती केले त्याचा तक्ता पडद्यावर दाखवतात. माझं नाव कायम तळाला. ज्याला काही झालेलंच नाही, त्याला मी घरी पाठवते ना."

"मग नको पाठवूस. एक रात्र झोपला हॉस्पिटलात, तर मरतो का माणूस?"

मुलीने कप खाली ठेवला. "परवा एका पेशंटच्या मुलाने माझी कॉलर धरली. बिल बघून. बिल मी केलंच नव्हतं."

"कॉलर काय, धुतली की झाली स्वच्छ," बाबा म्हणाले. "पगार सोडला की परत येत नाही."

ती पर्स उचलून निघून गेली. तिची बस सुटेपर्यंत बाबा खिडकीत उभे राहिले, मग इस्त्रीचा शर्ट घातला आणि मागोमाग निघाले. इथल्या मोठ्या डॉक्टरांशी त्यांची जुनी ओळख होती. हॉस्पिटल नव्हतं, नुसता दवाखाना होता, तेव्हापासूनची.

डॉक्टर ही जमात बाबांना आतून-बाहेरून ठाऊक होती. उभं आयुष्य त्यांनी या लोकांच्या दारात बॅग घेऊन काढलं होतं. एक जण कुत्र्यासाठी जीवनसत्त्वाच्या गोळ्या मागायचा. एक जण कंपनीच्या पैशाने बायकोमुलांसह परदेशी फिरून आला आणि दुसऱ्याच दिवसापासून दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या लिहायला लागला. एक जण औषधाची सगळी माहिती डोळे मिटून ऐकायचा. लोकांना वाटे, विचार करतोय. या मोठ्या डॉक्टरांचं नाव बाबांनी ‘हूं’ ठेवलं होतं, कारण समोरच्या माणसासाठी ते याहून लांब शब्द खर्च करत नसत.

रात्री जेवताना बाबा या सगळ्यांच्या नकला करायचे. आई हसून हसून डोळे पुसायची. मुलगी तेव्हा शाळेत होती. घास तोंडातच ठेवून ती विचारायची, "मग? मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"काय म्हणणार! म्हटलं, साहेब, झोळी माझ्या खांद्याला आहे, पण भीक तुम्ही मागताय."

"आणि ते?"

"तोंडाला कुलूप!"

मुलगी टाळ्या वाजवायची. अशाच एका रात्री बाबांनी ठरवलं, की या लोकांची घमेंड उतरवायची तर आपल्या घरात एक डॉक्टर हवा. मुलीला भाषा आवडायची, इतिहास आवडायचा. बाबा म्हणाले, इतिहास काय, म्हातारपणी वाचता येतो. फंड मोडून त्यांनी तिची फी भरली.

केबिनचं दार उघडलं. दोन्ही एम.आर. पुढे सरसावले, पण बाबांनी सवयीने खांदा मध्ये घातला आणि आत गेले.

मोठे डॉक्टर फोनवर होते. बोलणं संपवून त्यांनी न बघताच हात पुढे केला. "हूं. काय आणलंयस? लवकर दाखव."

"सर, मी रिटायर झालो आता." बाबांनी आपल्या मुलीचं नाव सांगितलं. "तुमच्याकडे मेडिसिनला आहे ना, तिचा मी वडील."

मोठ्या डॉक्टरांनी आता मान वर केली. "ती? ती तुझी मुलगी?" ते खुर्चीत मागे रेलले. "बॅगवाल्याची पोरगी! अरे, मग तर तिला धंदा कळायला हवा. हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण पेशंट आला की ही त्याला समजावून घरी पाठवते. वर अर्धा तास घेते समजवायला. मशीनचे हप्ते कोण भरणार? तिचा बाप?"

मग तो बाप समोरच उभा आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते मोठ्याने हसले. बाबाही हसले.

"लहान आहे, सर. मी समजावतो तिला. तो राजीनामा तेवढा..."

"बरं. तुझ्याकडे बघून फाडतो. पण तिला सांग, भरती वाढली पाहिजे. लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा पगार नाही देत मी."

"बरोबर आहे, सर. मी पण तेच म्हटलं तिला."

"आणि तू घरीच असतोस ना हल्ली? खाली पार्किंगला शिस्तीचा माणूस हवाय. तुझ्यासारखा. कुणाला उलट न बोलणारा."

"बघतो, सर. आभारी आहे."

"ये, आत ये," मोठे डॉक्टर बाबांच्या खांद्यावरून म्हणाले.

बाबा वळले. दारात मुलगी उभी होती. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात कुणाचा तरी एक्स-रे. किती वेळ उभी होती कोण जाणे. बाबांनी चेहऱ्यावरचं हसू काढायचा प्रयत्न केला. ते निघेना.

"तुझ्या वडिलांशी बोलणं झालंय," मोठे डॉक्टर म्हणाले. "राजीनामा रद्द. तुझ्यापेक्षा व्यवहारी आहे तुझा बाप."

मुलीने एक्स-रे टेबलावर ठेवला. भिंतीशी असलेली खुर्ची ओढून तिने बाबांच्या मागे आणली.

"बसा, बाबा."

बाबांनी मोठ्या डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही. बाबा उभेच राहिले, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून.

मुलीने ते बघितलं. सकाळच्या भांडणाचा राग तिच्या चेहऱ्यावर अजून होता. तो हळूहळू उतरत गेला आणि चेहऱ्यावर जे उरलं, त्याच्याकडे बघायला बाबांना जमेना.

"राजीनामा असू द्या, सर," ती म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत येईन. हा एक्स-रे बघून ठेवा, याला ऑपरेशनची गरज नाहीये." मग बाबांच्या कोपराला धरून म्हणाली, "चला."

बाहेर ते दोन एम.आर. अजून तसेच उभे होते. त्यातल्या एकाने मुलीला नमस्कार केला. तिने थांबून त्याला परत नमस्कार केला. दोघं लिफ्टपाशी आले. बाबांनी बटण दाबलं, मग पुन्हा एकदा दाबलं.

"पगाराचं मी सकाळी जे म्हटलं..." त्यांनी सुरुवात केली.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "ते तुमच्याशी नेहमी असंच बोलायचे?"

बाबांनी शर्टाची बाही सारखी केली.

"नाही गं," ते म्हणाले. "आज बरंच चांगलं बोलले."